पूर्ण नाव

दामिनीनं सिरिंज उजेडात धरून दहाची रेघ पुन्हा एकदा पाहिली, नखानं टिचकी मारून हवेचा बुडबुडा वर काढला, ट्रे उचलला आणि खिडकीजवळच्या अकरा नंबरच्या खाटेपाशी येऊन ती उभीच राहिली.

तिच्यामागून भामा सिस्टर आल्या. एका हातात पुठ्ठ्याला चिमटा लावून अडकवलेला फॉर्म, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर पळणारे सेकंद. हात धुणं, खाटेला टांगलेला कागद वाचणं, बाटलीवरचं औषधाचं नाव आणि तारीख पाहणं, या सगळ्या पायऱ्यांपुढे त्यांनी बरोबरची खूण केली होती. दीड मिनिटात पोरीनं एवढं आटोपलं होतं. पण घोडं पेंड खातं ते इथंच, हे भामा सिस्टरांना ठाऊक होतं.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा," दामिनी म्हणाली.

खाटेवरच्या म्हातारीनं खिडकीबाहेर लावलेली नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"सीताबाई."

"पूर्ण नाव, आजी."

"सीताबाई लांजेवार."

"आणि मधलं? आजोबांचं नाव?"

म्हातारीनं पदर ओठांवर ओढला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून वैनगंगा, तिच्यावरचा पूल आणि पलीकडचा कारधा दिसत होता. म्हातारी पुलावरच्या एकेका सायकलवाल्याला निरखत होती.

"थे नाई घेत जी आमी," ती पदराआडून म्हणाली.

झालं. भामा सिस्टरांनी मोबाइलकडे पाहिलं. दोन मिनिटं दहा सेकंद.

भंडाऱ्याच्या त्या खासगी दवाखान्यात भामा सिस्टरांना सव्वीस वर्षं झाली होती. सत्यभामा हे नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं, बाकी शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी भामा सिस्टर. नव्या लागलेल्या पोरींना शिकवायचं आणि तीन महिन्यांनी त्यांची परीक्षा घ्यायची, हे काम यंदा मेट्रन मॅडमनी त्यांच्या गळ्यात बांधलं होतं. शिकवायला त्यांची ना नव्हती. फॉर्मचं मात्र त्यांना काही उमगत नसे. बारा कामं, प्रत्येक कामाच्या दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीपुढे होय आणि नाही. माणूस असा होय आणि नाही मध्ये कुठे बसतो? पण बसवायचा, आणि खाली सही करायची.

दामिनीची अकरा कामं पास होती. बारावं, औषध देणं, पंधरा दिवसांपूर्वी नापास झालं होतं. त्या फॉर्मवर भामा सिस्टरांच्याच अक्षरात शेरा होता: वेळ फार लागतो. आजची दुसरी संधी होती, आणि शेवटची. दुपारी दोनपर्यंत फॉर्म मेट्रनच्या टेबलावर जायचा होता. आजही 'पुन्हा प्रशिक्षण' वर खूण झाली, तर उद्या पोरीनं बॅग भरून चिखल्याची गाडी धरायची. तिचा बाप तिथल्या खाणीत जमिनीखाली काम करणारा, आणि पोरगी नर्स झाली म्हणून त्यानं अख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेले. हे दामिनीनं कधी सांगितलं नव्हतं, तिच्या मैत्रिणींकडून कळलं होतं. पोरगी हुशार, हात हलका, पेशंटला सुई टोचलेली कळत नसे. ती पास व्हावी असं भामा सिस्टरांना मनापासून वाटत होतं. म्हणूनच तिचा राग येत होता.

"काहून थांबली?" त्या हळूच म्हणाल्या.

"आजी नाव नाही सांगून राहिल्या, सिस्टर."

"हातातली पट्टी पाय."

दामिनीनं म्हातारीचा हात उलटा केला. हिरव्या बांगड्यांच्या मागे कागदी पट्टी होती, पण तिच्यावरची अक्षरं साबणाच्या पाण्यानं कधीच निघून गेली होती. निळा डाग तेवढा राहिला होता.

"कागद त टांगला आहे ना समोर? अकरा नंबर, सीताबाई ताराचंद लांजेवार. शुगर दोनशे शहाऐंशी. जेवणाआधी इन्शुलिन, दहा."

"होव, सिस्टर. पण पट्टी वाचता नाही आली त पेशंटनं सोता सांगावं लागते. फॉर्मवरच लिहिलं आहे. आपण नाव घेऊन हो म्हणवून नाही घ्यायचं."

फॉर्मवर तसं होतं खरं. सातवी पायरी. भामा सिस्टरांनीच ती वर्गात वाचून दाखवली होती. पण वर्गात वाचायच्या गोष्टी वेगळ्या आणि वॉर्डातल्या वेगळ्या, हे का सांगावं लागतं? जेवणाची गाडी जिन्यापर्यंत आली होती, तिच्या चाकांची खडखड ऐकू येत होती.

त्या पुढे झाल्या, म्हातारीकडे वाकल्या आणि सव्वीस वर्षं विचारत आल्या तसंच, मान हलवत, गोड आवाजात त्यांनी विचारलं,

"आजी, ताराचंद ना? सीताबाई ताराचंद?"

म्हातारीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"झालं. हो म्हटलं त्यायनं. दे आता."

दामिनीनं ट्रे हातात तसाच धरून ठेवला.

आता याला काय म्हणावं? भामा सिस्टरांना कळेना. एकीकडे पोरगी नियमाला धरून होती आणि नियम त्यांनीच शिकवलेला. दुसरीकडे पेशंट समोर, कागद समोर, औषध तयार, आणि पेशंटनं मान हलवलेली. ही घाबरली होती की हट्ट करत होती? मागच्या वेळी पण अशीच थांबली होती. तेव्हा ती कशासाठी थांबली होती, हे आपण विचारलंच नाही, असं एकदम त्यांच्या मनात आलं. शेरा लिहिला आणि मोकळ्या झालो.

आणि नवऱ्याचं नाव न घेणं ही काय आजची गोष्ट होती? भामा सिस्टर या कामाला लागल्या त्या पहिल्या दिवशी, ऑफिसातल्या बाबूनं चारचौघांत विचारलं होतं, बाई, नवऱ्याचं नाव? लग्नाला चार महिने झाले होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. बाबू खेकसला, नाव माहीत नाही काय? बाकीचे हसले. शेवटी त्यांनी कागद मागून घेतला आणि लिहून दिलं. तेव्हापासून आजपर्यंत त्या लिहूनच देत आल्या. घरी ते 'आमचे हे' होते, शेजारात 'मोनूचे बाबा'. आणि वॉर्डात कुठल्याही म्हातारीवर तशी पाळी येऊ नये म्हणून त्यांनी आपणहून रीत पाडली होती: नाव आपण घ्यायचं, तिनं नुसती मान हलवायची. कुणाची शोभा नाही, कुणाला लाज नाही. आता हा फॉर्म म्हणत होता की ते चूक. सव्वीस वर्षांची माया एका रकान्यात 'नाही' होऊन बसली होती.

"दामिनी," त्या जरा तुटक आवाजात म्हणाल्या, "पाच मिनटाचा वेळ आहे. चार होऊन राहिले. मी सांगतो ना, हेच पेशंट आहे. दे."

दामिनीचे डोळे भरून आले. पण ट्रे काही हलला नाही.

"सिस्टर, मले बी द्यायचंच आहे जी," ती म्हणाली. "पण आजीनं तुमच्या तोंडाकडं पाहून मान हलवली. मी पायलं."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका आता उठून बसल्या होत्या. वॉर्डात करमणूक ती काय असते? दोन नर्सा वाद घालताहेत म्हटल्यावर ज्यांना सकाळपासून उठवत नव्हतं त्यांनाही उठवलं. पंख्याखालच्या आठ नंबरच्या खाटेवरची एक जाडजूड म्हातारी तर आत्ताच जागी होऊन मान लांब करून ऐकू लागली होती.

मोबाइलवर पाच मिनिटं झाली. भामा सिस्टरांनी फॉर्मवर वेळेच्या रकान्यात 'नाही' वर खूण केली. करताना त्यांना वाईट वाटलं, पण खूण त्यांनी ठळक केली. आता ही पोरगी इंजेक्शन देवो न देवो, सारखंच.

दामिनीनं ती खूण पाहिली. तिनं ट्रे खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला, डोळे बाहीनं पुसले आणि खाटेच्या कडेवर बसली. नर्सनं पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं. त्यालाही एक पायरी होती, पण त्या पायरीचं आता कुणाला काही नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, "नाव सांगू नका. नाव घ्या. लग्नात घेतलं होतं ना, तसं. उखाण्यात."

म्हातारीनं पदर तोंडावरून जरासा खाली केला.

"आता? इथं?"

"आता नाही त कवा? माही आजी घेते, बारशाले, डोहाळजेवणाले, म्हणन तवा. तुमाले नाही येत का?"

"येत कसं नाई!" म्हातारीला ते लागलं असावं. "दोन दोन येतेत मले."

"घ्या ना मंग, बाई!" आठ नंबरची म्हातारी पंख्याखालून ओरडली. "घे वो सीते! लाजते कायले!"

बाकीच्या बायकांनी तिची री ओढली. घ्या, घ्या. कुणीतरी टाळी वाजवली. जेवणाची गाडी दारात आली आणि ती ढकलणारी पुष्पाबाईही वरणाच्या पातेल्यावर हात ठेवून थांबली. भामा सिस्टर मध्ये उभ्या होत्या. हे चाललंय काय, आणि फॉर्ममध्ये हे कुठे लिहायचं, तेच त्यांना समजत नव्हतं.

म्हातारीनं पदर नीट केला, डोक्यावरून घेतला, पाठ ताठ केली. एकदा खिडकीतून पुलाकडे पाहिलं. मग जमिनीकडे बघत, सत्तर वर्षांच्या चिरक्या आवाजात, पण ठेक्यात म्हणाली,

"नदीच्या काठी बोरी, बोरीले लागले बोर,
सेवकरामाचं नाव घेतो साऱ्या वार्डासमोर!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. पुष्पाबाईनं डावानं पातेलं वाजवलं. म्हातारी पदरात तोंड लपवून खुदखुदत होती.

दामिनी हसली नाही. तिनं भामा सिस्टरांकडे पाहिलं.

सेवकराम.

भामा सिस्टरांनी खाटेला टांगलेला कागद ओढून काढला. ताराचंद. कागदावर ताराचंद होतं, ठसठशीत. त्यांनी कागदाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"आजी, तुमी कोण्या गावच्या?" त्यांनी विचारलं.

"कारध्याची. थो काय, थो दिसते तिकडं, पुलाच्या बाजूनं. तापानं भरती झाली परवा."

"आणि या खाटेवर कशा तुमी?"

"सकाळच्यान त तिकडं होती, पंख्याखाली," म्हातारीनं आठ नंबरकडे बोट दाखवलं. "तिकडून पूल नाई दिसत. बारा वाजता घरून डबा घेऊन येतेत थे, सायकलवर. वय झालं आता त्यायचं, पुलावरून गाड्या धावतेत. जीव लागून राह्यते. त या लाखनीच्या सीतेनं म्हटलं, माह्या खाटेवर जाय, मले बी पंख्याचा वारा पायजे. बदलली आमी खाट. दोघी बी सीताच, दोघी बी लांजेवारच, काय फरक पडते?"

"मीच ताराचंदाची!" आठ नंबरची म्हातारी तिकडून आनंदानं म्हणाली. उखाण्याबिखाण्याची तिला गरज पडली नाही. "माहीच हाय साखर!"

वॉर्ड हसला. भामा सिस्टर हसू शकल्या नाहीत. अकरा वाजता शुगर तपासली ती लाखनीच्या सीताबाईची. त्यानंतर दोघींनी खाटा बदलल्या, आणि कागद मात्र जिथल्या तिथे टांगलेले राहिले. तीन दिवसांच्या तापातून उठलेली, पोटात धड अन्न नसलेली ही कारध्याची म्हातारी. तिला दहाचं इन्शुलिन गेलं असतं, तर साखर एकदम उतरून ती आधी घामानं भिजली असती, मग शुद्ध हरपली असती, आणि अंगावरचं पांघरूण नीट करत आपण म्हटलं असतं, झोप लागली आजीला. डबा घेऊन आलेल्या सेवकरामाला तसंच सांगितलं असतं.

"पण आजी," त्यांनी विचारलं, "मी ताराचंद म्हटलं तवा तुमी मान काहून हलवली जी?"

म्हातारी भांबावली. आपलं काही चुकलं असं तिला वाटलं असावं.

"तुमी हलवली ना बाई," ती म्हणाली. "तुमी माह्याकडं पाहून हलवली, म्हणून म्या बी हलवली. म्हटलं, सिस्टर म्हणते त असन तसंच दवाखान्यात."

भामा सिस्टर बाजूच्या स्टुलावर बसल्या. सव्वीस वर्षांत किती मानांवर आपण सुया टोचल्या असतील, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात सुरू झाला आणि लगेच थांबला, कारण तो करणं शक्यच नव्हतं. त्या साऱ्या जणी हो म्हणाल्या होत्या. की नुसत्या आपल्या तोंडाकडे पाहत होत्या?

दामिनीनं दोन्ही कागद ज्याच्या त्याच्या खाटेला लावले. मोबाइलवर अकरा मिनिटं झाली होती. ती आठ नंबरपाशी गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. हात धुतले, पट्टी पाहिली, तिथली वाचता येत होती, तरीही नाव विचारलं.

"आताच त सांगतलं ना वो पोरी!"

"अजून एकदा, आजी."

लाखनीच्या सीताबाईनं कुरकुरत सांगितलं. इंजेक्शन झालं तेव्हा तिला कळलंही नाही. ती पुष्पाबाईकडे भात वाढून मागत होती.

खिडकीच्या पलीकडे पुलावर सायकली येत होत्या, जात होत्या. भामा सिस्टरांनी मांडीवरच्या पुठ्ठ्यावर फॉर्म सरळ केला. वेळेच्या रकान्यात त्यांनी केलेली 'नाही' ची खूण तशीच होती. ती खोडायला हवी का? पाच मिनिटांत झालं नाही हे खरंच होतं. सातव्या पायरीसमोर त्यांनी 'होय' केलं. मग 'मूल्यमापकाने मदत केली काय' या ओळीपाशी त्यांचं पेन अडलं. मदत? त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. होय म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. ती त्यांनी कोरी सोडली, 'सक्षम' वर खूण केली, आणि शेऱ्याच्या जागेत, जिथे पंधरा दिवसांपूर्वी तीनच शब्द लिहिले होते, तिथे बारीक अक्षरात लिहिलं:

मूल्यमापकाने दोनदा चुकीच्या रुग्णाला इन्शुलिन द्यायला सांगितले. दामिनीने दिले नाही.

लिहून झाल्यावर फॉर्म त्यांनी दामिनीकडे दिला. नव्या नर्सनं तो वाचून सही करायची, असाही नियम होता.

दामिनी वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"सिस्टर, हे मेट्रन मॅडम वाचतीन."

"वाचाले लिवलं आहे."

"तुमाले बोलतीन."

"बोलू दे. बोलाचीच गोष्ट हाय." त्यांनी मोबाइल बंद करून खिशात टाकला. "गाव विचारलं असतं तरी भागलं असतं, पोरी. उखाण्यापर्यंत जायचं काम नोहोतं."

"मले सुचलं नाही, सिस्टर. मी लय भेली होती."

"मले बी नाही सुचलं," भामा सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी काहून थांबली होती तू?"

"थे बी असंच होतं जी. पेशंटनं पूर्ण नाव नोहोतं सांगितलं. मग तुमी सांगितलं, आणि मी दिलं."

भामा सिस्टरांनी मान खाली घातली. त्या वेळच्या पेशंटचं नाव त्यांना आठवत नव्हतं. ती बरी होऊन घरी गेली होती, एवढं मात्र नक्की आठवत होतं. नक्की? त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

दामिनीनं सही केली. मग फॉर्मची शेवटची ओळ पाहून म्हणाली, "सिस्टर, हे राह्यलं. मूल्यमापकाचं पूर्ण नाव. सांगा, मी लिहून टाकतो."

भामा सिस्टरांनी सवयीनं हात पुढे केला. "आण इकडं, मी लिवतो."

हात पेनापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. खिडकीजवळची सीताबाई गालाला हात लावून त्यांच्याकडे बघत होती. जेवणाचं ताट तिच्या पुढ्यात तसंच होतं, डबा आल्याशिवाय ती जेवणार नव्हती.

"घ्या ना बाई," ती म्हणाली. "म्या घेतलं ना."

जेवता जेवता बायकांचे हात थांबले. आठ नंबरवरच्या सीताबाईनं तोंडातला घास गिळला. दामिनी पेन कागदावर टेकवून वाट बघत होती, आणि घाई तिला या वेळीही नव्हती.

भामा सिस्टर स्टुलावरून उठल्या. त्यांनी एकदा पुलाकडे पाहिलं, पदर सारखा करायला हात खांद्यावर नेला, युनिफॉर्मला पदर नसतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्यांनी घसा साफ केला.